महारोगाच्या गोळ्यांची चोरी

१

चोराने स्पिरिटला हात लावला नव्हता, हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्या भागात दवाखाना फुटला की आधी स्पिरिट जातं, मग सुया, मग चादरी. इथे सगळं जागच्या जागी होतं. कपाटातून गेली होती एकच गोष्ट, महारोगाच्या गोळ्यांची बाटली.

मी पेर्देबाय. शहरातल्या कातडीच्या दवाखान्याची जुनी गाडी मी चालवतो, आणि तिचे नखरे माझ्याशिवाय कुणाला झेपत नाहीत. त्या दिवशी मागच्या सीटवर झिवार आपा होत्या. आपा म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, पण या डॉक्टरीणबाईंना त्यांच्याहून मोठे पुरुषही आपाच म्हणतात. रशियनांचं राज्य होतं तेव्हापासून त्या माणसांची कातडी बघत आल्या आहेत. कापसाची वेचणी संपली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं मिठाने पांढरी पडली होती.

"आपा, असल्या गोळ्या चोरून कुणी काय करणार? विकायच्या म्हटल्या तरी गिऱ्हाईक पळून जाईल."

"ज्याला कुष्ठरोग आहे तो चोरील."

"त्याला तर फुकट मिळतात की!"

"मग ज्याला रोग लपवायचाय तो." आपांनी दाराची कडी घट्ट धरली. "आणि पेर्देबाय, एखादा खड्डा चुकला तर चालेल हो. सगळ्यांची भेट घ्यायलाच पाहिजे असं नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"त्या गोळ्या मापात घ्यायच्या असतात," त्या म्हणाल्या. "घाबरलेला माणूस माप पाळत नाही. जास्त झाल्या तर रक्तच नासतं. लवकर सापडला नाही, तर रोग राहील बाजूला आणि औषधानेच मरेल तो."

मी गाडी जोरात हाणली.

२

गावच्या दवाखान्याची नर्स ताजिगुल रडून रडून सुजली होती. किल्ली तिच्या गळ्यात, त्यामुळे संशयही तिच्याच गळ्यात.

"आईशपथ आपा, मी नाही. मला काय करायच्यात त्या?"

"तू घेतल्यास असं मी म्हटलं का? नाक पूस आधी. गोळ्या कोणासाठी होत्या?"

"कल्लिबेकबाबांसाठी. महारोग्यांच्या वसाहतीतून सोडलंय त्यांना, बरे झालेत, पण रोग उलटू नये म्हणून अजून गोळ्या देतो आपण. पण गाव ऐकतंय कुठे? बाबांनी कुणाला तरी रोग लावला, तोच आता चोरून गोळ्या खातोय, असं सगळे म्हणतात. काल कालव्यावरचा साकवच उखडून टाकला. बाबा पलीकडे एकटे पडलेत."

"दवाखान्यात कोण कोण येतं?"

"बाया मुलांना सुया टोचायला आणतात. सार्सेनआगा शेगडीसाठी सरपण आणून टाकतात. बाबा गोळ्यांना येतात. तेव्हा कपाट उघडंच असतं हो. इथे कोण चोरतंय, असं वाटायचं मला."

आपा कपाटासमोर उभ्या राहिल्या. गोळ्यांची जागा अगदी मागच्या रांगेत होती. पुढच्या साऱ्या बाटल्या व्यवस्थित होत्या, त्यांच्यावरची धूळसुद्धा. म्हणजे चोराला नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं.

"याआधी कधी काही कमी वाटलं होतं?"

ताजिगुल घुटमळली. "मागच्या आठवड्यात बाटली जरा हलकी लागली हाताला. मी म्हटलं, माझाच भास. आणि परवा अख्खी बाटलीच गेली."

"म्हणजे आधी थोड्या नेल्या. मग चार-सहा दिवसांनी येऊन सगळ्याच."

"हो."

आपांनी कपाटाचं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मी त्यांना ओळखतो. त्यांना काहीतरी सापडलं होतं आणि ते आवडलेलं नव्हतं.

३

दुपारचं जेवण सार्सेनआगाकडे झालं. पाहुणा गावात आला आणि त्याच्या घरी न जेवता गेला, तर तो वर्षभर बोलणार नाही असा माणूस. बायको कधीच वारलेली. घरात तो आणि त्याची लेक गुलपर्शिन. तिचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे अंगणात शेजारच्या पोरी रजया शिवत बसल्या होत्या आणि एकमेकींना टोमणे मारत होत्या.

जेवणाचा दस्तरखान पसरला. तंदुरातून काढलेले गव्हाचे पांढरे नान, नवऱ्या मुलाकडून आलेले तळलेल्या कणकेचे गोळे, वर साखर.

"घ्या, डॉक्टर आपा," सार्सेनआगा म्हणाला. "सोयरीक झाल्यापासून पोरीला ज्वारीला हात लावू दिला नाही मी. आयुष्यभर ज्वारीची भाकर खाऊन वाढली बिचारी. आता सासरची माणसं पोत्याने पीठ पाठवतात. नवरी मुलगी गव्हावरच पोसायची, आमच्यात तशी रीतच आहे."

गुलपर्शिन चहा ओतत होती. थंडी अजून पडली नव्हती, तरी झग्याच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. कप देताना तिचा चेहरा जवळून दिसला आणि माझी जीभ वळवळली.

"काय गं पोरी, तुतीची फळं खाऊन आलीस का? ओठ बघ कसे निळे झालेत!"

अंगणातल्या पोरी खिदळल्या. एक ओरडली, "काका, तुती उन्हाळ्यात संपली! आता शाई पीत असेल ती!" गुलपर्शिनने ओढणीने तोंड झाकलं. आपांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आगा," त्या सहज म्हणाल्या, "साकव काढायला तुम्हीही होतात का?"

सार्सेनआगा नानचा तुकडा मोडत होता. त्याचे हात थांबले. "होतो. गाव होतं, तिथे मीही होतो."

एवढंच बोलला तो. तुकडाही तोंडात घातला नाही.

४

कालवा गुडघाभर पाण्यातून ओलांडावा लागला. कल्लिबेकबाबा दारातच बसला होता. हाताची बोटं आखडलेली, पण डोळे मिश्किल.

"या या! पूल गेल्यापासून पाहुणेच बंद झालेत. माझ्याच गोळ्या मीच चोरल्या, असं विचारायला आलात ना?"

"नाही बाबा," आपा म्हणाल्या. "दुसरंच विचारायचंय. तुम्हाला त्या गोळ्यांनी गुण यायला किती काळ लागला?"

"वर्षं गेली. पहिल्या वर्षी तर मला वाटलं, डॉक्टर खडू खायला घालतायत."

"आणि खाज?"

बाबा मोठ्याने हसला. "खाज? अहो, हा हात चहाच्या गरम समोवारला चिकटून भाजला, तो वास आल्यावर कळलं मला. खाज आली असती तर मी आनंदाने बोकड कापला असता. आमची कातडी मेलेली असते आपा, तिला कसली खाज?" मग तो जरा थांबला. "हां, वसाहतीत एकीला होती खरी. रक्त येईस्तोवर खाजवायची. पण गोळी पोटात गेली की दोन दिवसांत खाज गायब! आम्ही जळायचो तिच्यावर. तिला लवकर लागू पडतं म्हणायचो."

"कोण ती?"

"आयिमखान. आहे अजून तिथेच. याच गावची पोर." त्याने आखडलेल्या हाताने कालव्यापलीकडे दाखवलं. "सार्सेनची धाकटी बहीण."

परतताना आपा पाण्याच्या मध्येच उभ्या राहिल्या. मी मागे गारठत होतो.

"पेर्देबाय, चोर दुसऱ्यांदा का आला?"

"गोळ्या संपल्या असतील."

"रोज खाणाऱ्याच्या संपतात. पण अख्खी बाटली कोण नेतं? ज्याला गुण आला तो. चार दिवसांत गुण आला म्हणून तो धावत परत आला." त्या माझ्याकडे वळल्या. "कुष्ठरोगाला चार दिवसांत गुण येत नाही. कुणालाच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी चोरी झाली, त्याला कुष्ठरोग नाहीच!"

"मग आहे काय?"

"ते ओठ निळे असणाऱ्या मुलीला विचारू. चल, पळ. त्या गोळ्या जास्त झाल्या की ओठ असेच होतात."

५

आम्ही पोचलो तेव्हा अंगणातल्या पोरी किंचाळत होत्या. गुलपर्शिन विहिरीवरून पाणी आणताना उंबऱ्यातच कोसळली होती. तिला धाप लागली होती, तोंडाला राखेची कळा आली होती. सार्सेनआगा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"नेऊ नका हो तिला. तिकडे नेऊ नका."

"किती दिल्यास?" आपा त्याच्या अंगावर ओरडल्या. आजवर त्यांना कुणा वडीलधाऱ्याला अरे-तुरे करताना मी ऐकलं नव्हतं. "बोल! किती दिल्यास गोळ्या?"

"रोज... मूठभर. लग्नाच्या आत बरी व्हायला हवी ना! थोड्या दिल्या तर खाज पळाली. म्हटलं जास्त दिल्या तर मुळातूनच जाईल."

तेव्हा गाडीने साथ दिली. त्या खटाऱ्याला मी आयुष्यात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या आणि ती धावली. इस्पितळात पोरीला रक्त दिलं, प्राणवायू लावला. सकाळी ओठांवर लाली परतली तेव्हा सार्सेनआगा भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

६

आपांनी तिची तपासणी केली ती बापासमोरच, मुद्दाम. डोळे मिटायला लावले, कापसाची वात एकेका डागावरून फिरवली.

"लागतंय?"

"हो."

सुई टेकवली. "आई गं! लागतंय!"

"ऐकलंत आगा? कुष्ठाचा डाग बधिर असतो. हिला सुई टोचली तर कळते." मग बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कमरेच्या खाली दोन्ही बाजू. डाव्या अंगाला जिथे ओरखडे, बरोबर तिथेच उजव्या अंगालाही. "खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात दिसली असती आणि तुम्हीही खाजवत बसला असतात. आता हे बघा." ओरखड्यांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड होते, घोळक्याने उठलेले. "फोड आला की ही खाजवून फोडून टाकते, म्हणून कुणाला दिसतच नाहीत. याला डुरिंगचा रोग म्हणतात. त्या गोळ्यांनी याची खाज दोन दिवसांत थांबते, गोळी बंद केली की परत येते. तुम्हाला वाटलं, महारोगाची गोळी लागू पडली म्हणजे महारोगच. सरळ हिशेब. पण चुकीचा."

फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा कण काढून त्यांनी राजधानीला पाठवला. महिन्याने उत्तर आलं, ते त्यांच्या बोलण्यासारखंच होतं. पण त्या दिवशी सार्सेनआगाने विचारलं, "मग हे आलं कुठून? नजर लागली का कुणाची?"

"खाज कधी सुरू झाली?"

"सोयरीक झाल्यावर."

"आणि सोयरीक झाल्यावर ताटात काय बदललं?"

तो गोंधळून बघत राहिला. माझ्या मात्र डोळ्यांपुढे पांढरे नान आणि साखरेचे ते गोळे आले.

"गहू," आपा हलकेच म्हणाल्या. "काही जणांच्या शरीराला गहू वैरी असतो. जन्मतःच, घराण्यातून येतं ते. ज्वारीवर होती तोवर ठीक होती."

इतका वेळ रडणारा सार्सेनआगा उठून उभा राहिला. "डॉक्टर आपा, माझ्या घरात तुम्हाला मान आहे. पण नानला नाव ठेवू नका! तो पालथा ठेवणंसुद्धा गुन्हा आहे आमच्यात. जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतो आम्ही. तो माझ्या पोरीला खाईल?"

"आगा..."

"महारोग म्हणा! ते मी ऐकून घेईन. हे नाही!"

"बाबा," पलंगावरून गुलपर्शिन म्हणाली, "खाऊन तर बघू ना ज्वारी. मला काय, मी जन्मभर खाल्लीय."

तो खाली बसला. त्याच्या डोक्यात दुसरंच काही चालू झालं होतं.

"आयिमखानला कोऑपरेटिव्हच्या नान भाजायच्या भटारखान्यात कामाला लावलं होतं," तो म्हणाला. "मीच लावलं, ओळख काढून. हौसेने गेली. वर्षभरात खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाली. शेजारी बोलायला लागले. मग मीच... गाढवाच्या गाडीत बसवून, तोंडावर ओढणी घालून मीच सोडून आलो तिला वसाहतीत. तिथे दोन दिवसांत खाज थांबली, असा निरोप आला. मी म्हटलं, बघा, योग्य जागी नेलं." त्याने आपांकडे पाहिलं. "तिलाही नव्हता ना?"

आपा खोटं बोलू शकल्या असत्या. मला वाटलं, आता त्या बोलतीलच.

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक नव्हता."

७

गुलपर्शिनची कोपरं, गुडघे सगळं हळूहळू निवळत गेलं. मापातल्या गोळ्या आणि ज्वारी. होणाऱ्या सासूने आधी तोंड वाकडं केलं. "लग्नात दोघांनी एकाच नानचा तुकडा मोडायचा असतो, ही काय ज्वारी मोडणार?" मग स्वतःच म्हणाली, "मोडू दे की. पोटात तर भाकरच जाणार." बाई बोलायला तिखट, मनाने बरी. पण खरी अट गुलपर्शिनने घातली. लग्नात आत्या हवी. आत्या येणार नसेल तर मंडप घालूच नका.

म्हणून आम्ही चौघे वसाहतीला गेलो. आपा, मी, बाप, लेक. रस्ता वाळूचा. वाटेत मी एक विनोद केला, तो माझा मलाच ऐकू आला.

आयिमखान अंगणात ज्वारीची कणसं झोडत होती. पांढरे केस, ताठ पाठ, एकही बोट वाकडं नाही. भावाला बघून तिने हातातलं दांडकं खाली ठेवलं.

"म्हातारा झालास की रे," ती म्हणाली. "दात कुठे गेले?"

सार्सेनआगा गाडीपाशीच थांबला. गुलपर्शिन पुढे झाली आणि आत्याच्या गळ्यात पडली. आयिमखानने हात वर उचलून धरले, तिला स्पर्श होऊ नये म्हणून. किती वर्षांची सवय असेल ती! मला बघवेना.

आपांनी तिला कापसाने, सुईने सगळं तपासलं आणि सगळं सांगितलं. गहू, गोळ्या, भटारखाना. ती शांतपणे ऐकत होती. मधूनच म्हणाली, "इथले जुने डॉक्टर म्हणायचे, तुझ्या कातडीत जंतू सापडत नाहीत. त्यांनी मला सोडलंही होतं एकदा."

सार्सेनआगाने मान वर केली. "सोडलं होतं? केव्हा?"

"तुझ्या लग्नाच्या सुमारास. म्हटलं, रिकाम्या हाताने कशी जाऊ भावाच्या लग्नाला? स्टेशनाजवळ भटारखान्यात कामाला राहिले थोडे दिवस, तुझ्या बायकोसाठी शाल घेतली. गोळ्या बंद झाल्या होत्या, बरी झाले होते ना मी! दिवसभर गरम नान खायचे. तेवढ्यात खाज परत आली. तरी निघाले. गावात पोचले तेव्हा नव्या सुनेच्या तोंडावरची ओढणी उचलायचं गाणं चाललं होतं. मी बोरूच्या कुंपणामागे उभी होते. माझ्या बाह्या रक्ताने भिजल्या होत्या. म्हटलं, रोग उलटला. आता आत गेले तर वऱ्हाड उठून जाईल, तुझं घर बसणार नाही. मग परत आले इथे. माझी मीच."

गुलपर्शिन आत्याचा हात धरून बसली होती आणि आता आत्याने तो सोडवून घेतला नव्हता. आयिमखान आपांकडे वळली. तिने विचारलं ते अगदी साध्या आवाजात, बाजारातला भाव विचारावा तसं.

"म्हणजे त्या दिवशी मी आत आले असते, तरी चाललं असतं?"

आपांनी सार्सेनआगाकडे पाहिलं. उत्तर त्याचं होतं.

"चाललं असतं, आयिम," तो म्हणाला. "आली असतीस तर चाललं असतं."

तिने मान डोलावली. रडली नाही. तिने गुडघे पोटाशी घेतले, गोष्ट ऐकायला बसतात तशी बसली.

"मग सांग," ती म्हणाली. "आत काय काय झालं? गाणं कोण म्हणत होतं? मला बाहेरून आवाज ओळखता आला नाही."

सार्सेनआगा तिच्यासमोर मातीतच बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.